नाण्यांच्या लिलावातील बोली : मर्यादा आधी कळवावी, की सभागृहात बसून बोलावे?

ठिपकेदार

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी राणी व्हिक्टोरियाचे १८६२ सालचे रुपये जमवतो आहे. हा विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८६२ नंतर साधारण १८७४ पर्यंत रुपया पाडला जात राहिला, पण त्यावरचे साल १८६२ हेच कायम राहिले. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके आढळतात आणि त्यांच्या संख्येवरून व जागेवरून नाणे नेमके कोणत्या वर्षाचे असावे, हे अभ्यासक ठरवतात. त्यामुळे एकाच सालाच्या रुपयाचे कितीतरी प्रकार होतात. काही प्रकार कोणत्याही नाणेविक्रेत्याच्या डब्यात सापडतात, तर काही वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाहीत.

माझा प्रश्न असा आहे. मागच्या एका लिलावात मी बोलीचा कागद (माझ्या वतीने लिलावगृहाने कुठपर्यंत बोलावे, ती मर्यादा लिहिलेला) आधीच पाठवला होता आणि त्यावर १२,००० रुपये लिहिले होते. नाणे १२,५०० ला गेले. केवळ एका पायरीने, म्हणजे बोली एका वेळी जेवढी वाढते तेवढ्याने, हुकल्याची चुटपूट इतकी लागली की पुढच्या लिलावाला मी स्वतः जाऊन बसलो, आणि तिथे ज्या नाण्यासाठी मनात ९,००० धरले होते, त्याला १५,५०० देऊन बाहेर पडलो. आता पुढच्या महिन्यात मुंबईत एक लिलाव आहे. त्यात माझ्या कामाचे दोन लॉट, म्हणजे एकेका बोलीत विकायच्या वस्तू, आहेत. एक सुटा रुपया आहे आणि दुसरा अकरा रुपयांचा गठ्ठा आहे. माझ्याकडे सगळे मिळून २०,००० रुपये आहेत. मर्यादा आधी कळवून घरी बसावे, की सभागृहात जावे? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंकुशी

सभागृह की कागद, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी २०,००० म्हणजे नेमके काय, ते ठरवा. शेवटच्या बोलीवर हातोडी पडून विक्री ठरते, तो आकडा आणि तुमच्या खात्यातून जाणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. हातोडीच्या किमतीवर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतला जाणारा जादा आकार, लागतो, त्यावर कर लागतो आणि नाणे घरपोच हवे असेल तर विमा उतरवलेल्या टपालाचा खर्च येतो. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात आणि ते लिलावाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानांवर, नियमांमध्ये छापलेले असतात. ती पाने न वाचता थेट चित्रांकडे वळणारे संग्राहक मी पुष्कळ पाहिले आहेत.

हिशेबापुरते प्रीमियम १५ टक्के आणि एकूण रकमेवर कर ५ टक्के धरा. म्हणजे हातोडीचा आकडा १.२०७५ ने गुणावा लागेल. टपालाचे ३५० रुपये बाजूला काढले तर २०,००० मधून १९,६५० उरतात, आणि त्यांना १.२०७५ ने भागले की १६,२७३ येतात. बोलीच्या पायऱ्या ५०० च्या असतील तर तुमची खरी मर्यादा १६,००० झाली. बोलीच्या कागदावर हाच आकडा लिहायचा असतो. नवीन माणूस २०,००० लिहून मोकळा होतो आणि बिल हाती आले की त्याला २४,५०० दिसतात.

मोठ्या व्यवहारातही हेच गणित चालते. अमेरिकेचे १९३३ सालचे २० डॉलरचे सोन्याचे नाणे ३० जुलै २००२ रोजी न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकले गेले, तेव्हा हातोडी ६६ लाख डॉलरवर पडली होती. त्यावर १५ टक्के प्रीमियम चढून ७५ लाख ९० हजार डॉलर झाले. वर आणखी २० डॉलर भरावे लागले, कारण ते नाणे सरकारने कधी चलनात आणलेलेच नव्हते आणि त्याला अधिकृत नाणे करण्यासाठी त्याची दर्शनी किंमत तिजोरीत भरणे भाग होते. सगळीकडे छापून आला तो हा मोठा आकडा. जुन्या लिलावांचे निकाल चाळताना समोरचा आकडा हातोडीचा आहे की प्रीमियमसह आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावरून आपली मर्यादा ठरवू नका.

रुपेरी

अंकुशी यांच्याशी पूर्णपणे सहमत. मी प्रत्येक लॉटसमोर पेन्सिलीने दोन आकडे लिहितो, एक हातोडीचा आणि दुसरा खिशातून जाणारा.

शेवटची_रांग

माझे मत सभागृहाच्या बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. कागदावरची बोली आंधळी असते. सभागृहात बसले की समोर कोण आहे ते कळते. एखाद्या रुपयावर ओळखीचा विक्रेता बोलत असेल, तर त्याला तो पुढे नफ्याने विकायचा आहे हे मला माहीत असते. म्हणजे तो दुकानातल्या विक्रीच्या किमतीच्या बराच खाली थांबणार, आणि त्याच्या पुढे एक पायरी जाण्यात मला भीती वाटत नाही. तेच जर दोन हट्टी संग्राहक एकमेकांना भिडले असतील, तर मी हात वर करतच नाही.

मी नेहमी मागच्या रांगेत बसतो. पुढे बसलेल्याला मागे काय चालले आहे ते दिसत नाही. मागे बसलेल्याला सगळ्यांच्या पाट्या (बोली लावताना वर करायच्या क्रमांकाच्या) दिसतात. शिवाय दिवसभराच्या लिलावात एक वेळ अशी येते की लोक जेवायला उठतात, काहींचे पैसे संपलेले असतात, काहींना गाडी पकडायची असते. अशा वेळी आलेले चांगले लॉट मी प्रारंभिक किमतीला घेतलेले आहेत. घरी बसून हे साधत नाही.

संख्यारेषा

ठिपकेदार, आपल्या लिखाणातले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आपण ‘केवळ एका पायरीने हुकलो’ असे म्हणता. हा समज चुकीचा आहे आणि पुढच्या लिलावातले १५,५०० त्याच समजातून गेले, असे मला वाटते. आपण १२,००० वर थांबलात म्हणून नाणे १२,५०० ला गेले. जिंकणाऱ्याच्या मनात कदाचित १३,००० असतील, कदाचित २५,००० असतील. ते कुणालाच कळत नाही. आपण १२,५०० लिहिले असते तर ते १३,००० ला गेले असते आणि आपण पुन्हा एका पायरीनेच हुकला असता. चढत्या बोलीत दुसऱ्या क्रमांकाचा माणूस नेहमीच एका पायरीने हरतो.

आता मूळ प्रश्न. विल्यम व्हिक्री (Vickrey) या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली बंद लिफाफ्यातील बोलीचा एक प्रकार मांडला. त्यात सर्वात मोठी बोली जिंकते, पण जिंकणारा रक्कम देतो ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी. अशा लिलावात आपल्याला वस्तूची जी किंमत मनापासून वाटते तीच लिहिणे सर्वात फायद्याचे असते, हे त्यांनी दाखवून दिले. कमी लिहिले तर परवडणारी वस्तू हातची जाते, जास्त लिहिले तर न परवडणारी गळ्यात पडते. पुढे १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले. टपाल तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी मात्र ही पद्धत त्यांच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आणली होती.

आपला बोलीचा कागद जवळजवळ असाच चालतो. १६,००० लिहिले म्हणजे १६,००० द्यावे लागतात असे नाही. दुसरा बोलणारा ९,००० वर थांबला तर आपल्याला नाणे ९,५०० ला मिळते. म्हणून माझे उत्तर असे आहे : खरी मर्यादा शांतपणे घरी ठरवा, ती पूर्ण लिहून पाठवा आणि निकालाची वाट पाहा.

पाटी_क्रमांक_४०

संख्यारेषा यांचे गणित बरोबर आहे, पण ते एका अटीवर उभे आहे. कागद उघडणारा माणूस प्रामाणिक असला पाहिजे. मी एका ठिकाणी, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही, वर्षभरात सात कागदी बोल्या पाठवल्या. त्यांपैकी चार लॉट मला मिळाले आणि चारही नेमके माझ्या कमाल आकड्यावर मिळाले. एखादा मिळाला असता तर योगायोग म्हटले असते. चारही वेळा दुसऱ्या कुणीतरी बरोबर माझ्या एक पायरी खाली येऊन थांबावे, हे मला पटत नाही. विचारले तेव्हा ‘इंटरनेटवरून बोली होती’ एवढेच उत्तर मिळाले. त्या दिवसापासून माझा कमाल आकडा मी कुणालाही आधी सांगत नाही. सभागृहात जातो, किंवा विश्वासातल्या माणसाला पाटी घेऊन बसवतो.

कलम_कायदा

वरच्या तक्रारीची शहानिशा मला करता येणार नाही, पण कायदा काय सांगतो ते नोंदवतो, कारण पुष्कळ संग्राहकांना ते माहीत नसते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम लिलावाविषयी आहे. त्यानुसार हातोडी पडली, किंवा त्या ठिकाणच्या रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली, की व्यवहार पूर्ण होतो. तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला स्वतः बोली लावण्याचा हक्क हवा असेल तर तो आधी स्पष्टपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता त्याने स्वतः बोली लावली किंवा आपला माणूस बसवला, तर खरेदीदार ती विक्री फसवणुकीची मानू शकतो. किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर खरेदीदाराला व्यवहार रद्द ठरवता येतो.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विक्रेता वस्तू विकणार नाही ती किंमत, ठेवणे पूर्णपणे कायदेशीर आहे. राखीव किमतीपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे नेत असेल, तर ते नियमांत लिहिलेले आहे का, ते तपासा. चार वेळा कमाल आकड्यावर नाणे मिळण्याचे एक साधे कारण असेही असू शकते की पाटी_क्रमांक_४० यांचे आकडे राखीव किमतीच्या आसपासच होते.

पाटी_क्रमांक_४०

ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती, हे मान्य करतो. तरीही पूर्ण आकडा आधी सांगायला मन धजत नाही.

अंकुशी

दोघांच्या मधला मार्ग आहे. ज्या ठिकाणचा अनुभव नाही, तिथे पहिले एक-दोन कागद लहान रकमेचे पाठवा आणि कोणत्या आकड्यावर लॉट मिळतात याची वहीत नोंद ठेवा. मर्यादेच्या बऱ्याच खाली लॉट मिळत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही. माझ्या वहीत गेल्या अकरा वर्षांच्या नोंदी आहेत आणि आज कुठे कागद पाठवायचा व कुठे स्वतः जायचे, हे मी त्या वहीवरून ठरवतो.

कागदाबद्दल आणखी एक बारकावा आहे. सभागृहात कुणी ८,००० वर सुरुवात केली आणि पायऱ्या ५०० च्या असतील, तर तुमच्या वतीने ८,५००, समोरून ९,०००, तुमचे ९,५००, असे होत होत ११,५०० तुमचे आणि १२,००० समोरच्याचे होतात. तुमची मर्यादा १२,००० असूनही तो आकडा समोरच्याने घेतलेला असतो आणि तुम्ही हरता. सुरुवात तुमच्या बोलीने झाली असती तर १२,००० तुमचे झाले असते. म्हणून काही कागदांवर ‘गरज पडल्यास एक पायरी वर’ अशी मुभा देण्याची सोय असते. ती असेल तर मर्यादा एक पायरी कमी लिहून मुभा द्यावी. दोन कागदांवर सारखाच आकडा असेल तर सहसा आधी पोचलेला कागद जिंकतो, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. आणि १०,००० किंवा १५,००० अशा गोल आकड्यांवर सगळ्यांची गर्दी असते. त्यांच्या एक पायरी वर जावे.

चिंचपाणी

एवढी चर्चा झाली, पण नाणे पाहण्याविषयी कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या मते बोली पाहणीच्या टेबलावर ठरते. लिलावाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी लॉट पाहायला ठेवतात. तिथे दहापट मोठे दिसणारे भिंग, छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि शक्य असल्यास स्वतःचा लहान दिवा घेऊन जा, आणि काटा वापरण्याआधी तिथल्या माणसाची परवानगी घ्या.

व्हिक्टोरियाच्या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम असते. झिजेमुळे थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे, पण चित्रे ठसठशीत आणि वजन मात्र अर्ध्या ग्रॅमने कमी, असे असेल तर नाणे खाली ठेवा. ओतीव नकलीच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ कधी कधी घासून काढलेली आढळते.

आपल्याकडच्या रुपयांचा खरा शत्रू मात्र नकली नाणी हा नाही, तर आपलीच हौस आहे. घरोघरी रुपयांचे हार होते. रुपयाच्या डोक्यावर कडी डाखलेली असे आणि पुढे कुणीतरी ती कापून जागा घासून सारखी केलेली असते. पुस्तिकेतल्या चित्रात नाण्याच्या दोन बाजू दिसतात, कड दिसत नाही. नाणे उभे धरून दिव्यासमोर हळूहळू फिरवा. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेवरच्या दातऱ्या दोन-तीन मिलिमीटर पुसट झाल्या असतील आणि तिथल्या चांदीचा रंग किंचित पिवळट किंवा करडा दिसत असेल, तर ती डाखाची जागा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष्मीपूजन. दर दिवाळीला चिंच आणि रांगोळी लावून घासलेला रुपया चित्रात लखलखीत दिसतो. भिंगाखाली त्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसतात. पूजेतला तो रुपया घराला पूज्यच असतो आणि माझ्या आईच्या डब्यातले असे चार रुपये मी कधीही विकणार नाही, पण संग्राहकाने त्याला न घासलेल्या नाण्याची किंमत देऊ नये.

तांबटआळी

चिंचपाणी यांचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, जमवतो आणि त्या क्षेत्रात तर पाहणीशिवाय बोली लावणेच अशक्य आहे. शिवराईचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे एका नाण्यावर पूर्ण सापडणे दुर्मीळ आहे. एखाद्यावर ‘श्री’ अर्धा असतो, तर दुसऱ्यावर ‘ति’ कडेबाहेर गेलेली असते. अक्षरांच्या वळणात आणि शब्दांच्या लेखनात इतके फरक आहेत की एकच नाणे एका संग्राहकाला ५०० रुपयांचे आणि दुसऱ्याला ५,००० चे वाटते, आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात.

म्हणून मर्यादेच्या शिस्तीला माझा थोडा विरोध आहे. जे नाणे वर्षातून चार वेळा लिलावात येते, त्याला मर्यादा असावी. जे तुम्ही आयुष्यात एकदाच पाहणार आहात, त्याला कसली मर्यादा? बारा वर्षांपूर्वी अक्षरांच्या एका विशिष्ट वळणाची, पूर्ण मजकुराची शिवराई माझ्यासमोर आली होती. मी ठरवलेल्या आकड्यावर थांबलो आणि दोन पायऱ्या वर ती दुसऱ्याला गेली. त्यानंतर तसे नाणे मला पुन्हा दिसलेले नाही. त्या लिलावात वाचलेले पैसे कुठे खर्च झाले ते आज आठवत नाही, ती शिवराई मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

संख्यारेषा

तांबटआळी, आपल्या दुःखाचा पूर्ण आदर राखून लिहितो. असे नाणे असेल तर मर्यादा आधीच मोठी ठरवायला हवी होती. मर्यादा ठेवणे चुकीचे नव्हते. ‘हे पुन्हा दिसणार नाही’ या गोष्टीची किंमत घरी बसूनच त्या आकड्यात धरता येते. सभागृहात ती ठरवू लागलो की साधी नाणीसुद्धा पुन्हा न दिसणारी वाटू लागतात.

आपण वैयक्तिक किमतीबद्दल लिहिले आहे, त्याच्याशी जोडून एक मुद्दा मांडतो. काही वस्तूंची किंमत सगळ्यांना सारखीच असते, फक्त ती कुणालाच नेमकी ठाऊक नसते. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखवले की असे लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सर्वात जास्त चुकलेला असतो. कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय आलेला, ‘दर्जा उत्तम’ एवढेच लिहिलेला रुपया हे त्याच जातीचे उदाहरण आहे. दहा जणांनी चित्र पाहून अंदाज बांधले, तर ज्याला डाख दिसला नाही तो जिंकतो. म्हणजे नाणे प्रत्यक्ष पाहता आले नसेल तर मर्यादा कमी करावी आणि बोलणारे जितके जास्त, तितकी ती आणखी कमी करावी. दर्जा ठरवून सीलबंद केलेल्या नाण्यांत हा धोका बराच घटतो, पण तेव्हा त्या डबीचीही किंमत मोजावी लागते.

टेम्सकाठ

मी गेली वीस वर्षे लंडनजवळ राहतो आणि मुंबई इलाख्याची नाणी जमवतो. भारतातल्या लिलावांत मी बोली लावत नाही, आणि त्याचे कारण इथल्या वाचकांच्याही कामाचे आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे भारतातून खासगीरीत्या बाहेर नेता येत नाही. त्यामुळे माझ्यासारख्याने मुंबईत १८६२ चा रुपया जिंकला तरी तो पुण्यातल्या भावाच्या कपाटातच राहणार. याचा परिणाम असा की एकाच नाण्याचे दोन बाजार झाले आहेत. लंडन किंवा न्यूयॉर्कमधील निकाल पाहून मुंबईतली मर्यादा ठरवू नका, आणि उलटही करू नका. बाहेरून भारतात नाणे मागवायचे असेल तर सीमाशुल्काचा हिशेब आधी मांडा.

गोमंतक

टेम्सकाठ यांचा मुद्दा गोव्याच्या नाण्यांना तर तंतोतंत लागू पडतो. १८८१ चा पोर्तुगीज इंडियाचा, राजा दों लुईसचा चांदीचा रुपया वजनाने ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा आहे. त्याला लिस्बनमध्ये वेगळे चाहते आहेत आणि पणजी-मडगावात वेगळे. मुंबईच्या लिलावात तो बहुधा ‘इतर’ या सदरात शेवटी येतो आणि शेवटची_रांग यांनी वर्णन केलेली ती रिकाम्या खुर्च्यांची वेळ असते. माझे दोन रुपये असेच आले आहेत. ज्या विषयाचे लोक सभागृहात नाहीत त्या विषयाचा लॉट तिथे घ्यावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

नवशिका_संग्राहक

एक शंका आहे. दोन मित्रांना एकच नाणे हवे असेल तर ‘तू हे घे, मी ते घेतो’ असे आधी ठरवणे योग्य आहे का?

शेवटची_रांग

आम्ही करतो. एकमेकांविरुद्ध बोलून विक्रेत्याचा फायदा का करावा?

कलम_कायदा

शेवटची_रांग, इथे मी ठामपणे असहमत आहे. दोन मित्रांनी आपापल्या आवडीचे लॉट वाटून घेणे आणि दहा विक्रेत्यांनी संगनमत करून किंमत पाडणे यांत अंतर आहे हे खरे, पण दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. विक्रेता दरवेळी श्रीमंत व्यापारीच असतो असे नाही. पुष्कळदा वडिलांच्या मागे त्यांचा संग्रह विकायला काढलेले कुटुंब असते. उद्या आपल्या मुलांवर ती वेळ येईल, तेव्हा सभागृहात प्रामाणिक बोली लागावी असेच आपल्याला वाटेल.

शेवटची_रांग

हा विचार मी या बाजूने केला नव्हता. मुद्दा मनाला लागला.

रुपेरी

ठिपकेदार यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ. दोन लॉट आणि एकच रक्कम, हा त्यांचा खरा पेच आहे आणि त्यावर कुणी लिहिले नाही. दोन्ही लॉटवर १६,००० चा कागद पाठवला आणि दोन्ही मिळाले तर पैसे कुठून आणणार? काही ठिकाणी ‘हा मिळाला तर तो नको’ अशी सूचना कागदावर लिहिता येते. ती सोय आहे का ते फोन करून विचारावे. नसेल तर या एका कारणासाठी सभागृहात जावे. जास्त हवा असलेला लॉट आधी येत असेल तर काम सोपे असते. तो नंतर येत असेल, तर पहिल्यावर हात आखडता घ्यावा लागतो आणि तिथे मन घट्ट करावे लागते.

चिंचपाणी

आणि गठ्ठ्याचा लॉट नीट पाहा. अकरा रुपयांच्या गठ्ठ्यात चित्र बहुधा तीन-चार नाण्यांचेच असते. पुस्तिका करणाऱ्याने प्रत्येक रुपयाचे ठिपके मोजलेले असतीलच असे नाही.

ठिपकेदार

मंडळी, लिलाव काल पार पडला. आपणा सर्वांचे मनापासून आभार मानून वृत्तांत देतो.

मी पाहणीला दोन तास आधी पोचलो. सुटा रुपया चित्रात होता तसाच सुंदर दिसत होता. चिंचपाणी यांनी सांगितल्याप्रमाणे तो उभा धरून फिरवला, आणि मुकुटाच्या वर कडेवर करडा पट्टा दिसला. तीन वेळा फिरवून पाहिला, जागा तीच. घरून लिहून आणलेले १६,००० खोडून मी त्यासमोर ५,००० लिहिले. मग गठ्ठा मागितला. अकरापैकी सात रुपये नेहमीचे होते, तीन घासलेले होते आणि एक इतका काळा होता की तारीखसुद्धा तिरकस उजेडातच वाचता येत होती. त्याच्या ठिपक्यांच्या जागी मळ भरलेला होता. भिंगाखाली ज्या जागी ठिपका असायला नको, तिथे मला एक उंचवटा दिसला. गठ्ठ्यासमोर मी १६,००० लिहिले.

सभागृहात शेवटची_रांग यांच्या सल्ल्याप्रमाणे मागे बसलो. सुटा रुपया आधी आला. तो ५,००० च्या पुढे गेला आणि मी पाटी मांडीवर उलटी ठेवली. १४,५०० वर इंटरनेटवरच्या बोलीने तो जिंकला. पूर्वीचा मी असतो तर त्या बोलीच्या पुढे १५,००० नक्की बोललो असतो. गठ्ठा पावणेतीनला आला. एका विक्रेत्याने १०,५०० पर्यंत साथ केली आणि हातोडी ११,००० वर माझ्या पाटीवर पडली. बिल १३,३०० च्या आसपास झाले.

काळ्या रुपयाचे वजन ११.५८ ग्रॅम भरले. तो रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवला होता. मळ बराच सुटला आहे, चांदीला काहीही घासलेले नाही. तारखेखालचे दोन ठिपके स्वच्छ दिसतात. तिसऱ्या जागेचा उंचवटा ठिपका आहे की ठशाला पडलेल्या टवक्याची खूण आहे, हे मला सांगता येत नाही. तो बाकीच्या दोघांपेक्षा किंचित लहान आहे आणि त्याची डावी बाजू चपटी आहे. उद्या सकाळी खिडकीतल्या उजेडात चित्रे काढून याच धाग्यावर टाकतो. अंकुशी आणि चिंचपाणी, आपण दोघांनी ती जरूर पाहावीत.